रेझर क्लॅम उकरायला वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर नक्की कुठे आणि कधी जावं? (एकदा हात हलवत परत आलोय)

कोरडी_बादली (नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. सिएटलजवळ राहतो. ऑफिसातला एक जण तीन वर्षं रेझर क्लॅमच्या (समुद्रकाठच्या वाळूत खोल राहणारा लांबट शिंपला) गोष्टी सांगून डोकं खातोय, म्हणून गेल्या शनिवारी शेवटी आम्हीही गेलो. मी, बायको आणि सात वर्षांचा मुलगा. फिश अँड वाइल्डलाइफ खात्याची घोषणा नीट वाचली होती. कोपॅलिसचा किनारा त्या दिवशी खणायला उघडा होता. आम्हा दोघांची लायसन्स काढली, फावडं घेतलं, कपाळावर बांधायचे दिवे घेतले. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ओहोटी बघितली तर रात्री ११:१०. म्हटलं, ओहोटीच्या दीड तास आधी पोचायचं असतं, म्हणजे भरपूर वेळ आहे. वाटेत आरामात पिझ्झा खाल्ला आणि साडेनऊला ओशन शोअर्सला, म्हणजे त्याच कोपॅलिस किनाऱ्यावर, पोचलो.

पोचलो तर समोरून लोक बादल्या घेऊन परत येत होते. दिव्यांची रांगच्या रांग वाळूवरून गाड्यांकडे चाललेली आणि उलट दिशेने आत जाणारे फक्त आम्ही तिघं. तेव्हाच शंका यायला हवी होती. मला वाटलं, यांचं झालं असेल, आता आपल्याला जागा मोकळी!

पाऊण तास खणत होतो. पाणी काही हटेना, उलट दर वेळी आधीपेक्षा वर येत होतं. तीसेक खड्डे केले असतील. मिळालं काय, तर एक क्लॅम, तोही फावड्याने अर्धा कापलेला, आणि तीन पांढुरके, मऊ, झिंग्यासारखे प्राणी. मुलगा म्हणाला, बाबा हे परत ठेवू या. ठेवले. लाट बुटात शिरली आणि घरी पोचेपर्यंत पहाटेचे दोन वाजले.

आता प्रश्न. कुठला किनारा चांगला? वेळ कशी ठरवायची? फावडं बरं की ती नळी, क्लॅम गन म्हणतात ती? आणि मार्चच्या शेवटी आई येतेय तिकडून. तिचं बालपण रेवदंड्याला गेलंय, खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढलेल्या आहेत. हे ऐकल्यापासून रोज फोनवर विचारतेय. तिला नेता येईल का?

---

सुकतीची_वाट

अ‍ॅपमध्ये ठिकाण काय टाकलं होतंस? सिएटलच ना? (तू म्हणते, मुलगा सात वर्षांचा म्हणजे माझ्यापेक्षा लहानच असशील.)

अरे, सिएटलचं पाणी हे आतलं पाणी. महासागराची भरती-ओहोटी आधी हुआन दे फुकाच्या सामुद्रधुनीतून आत येते, मग वळून प्यूजेट साउंडमध्ये उतरते, तेव्हा कुठे सिएटलला पोचते. बाहेरच्या किनाऱ्यापेक्षा तिथली ओहोटी चारेक तास उशिरा होते. तुझ्या शनिवारी ओशन शोअर्सला ओहोटी सातच्या आसपास लागून गेली असणार. तू पोचलास तेव्हा पाणी अडीच तास चढत होतं. ती परत येणारी माणसं शहाणी होती. वेळ बघायची ती खात्याच्या घोषणेत असते तीच. तारखेसमोर ओहोटीची वेळ आणि उंची दोन्ही छापलेली असतात. अ‍ॅप वापरायचंच तर त्यात वेस्टपोर्ट किंवा ओशन शोअर्स टाक.

माझं माहेर कोकणातलं. आजोबा तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून तितक्या वाजता भरती असं सांगायचे आणि ती बरोबर निघायची. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मीही तसंच करायला गेले आणि तोंडावर आपटले. एक तर ते पाऊणपट आपल्या किनाऱ्यापुरतं. दुसरं म्हणजे इथे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक नुसती नावाला, दुसरी खरी खोल. आणि ती खोल ओहोटी हिवाळ्यात अंधार पडल्यावर येते, वसंतापासून सकाळी येते. म्हणून शरद-हिवाळ्यात दुपारी बारा ते मध्यरात्र आणि मार्च-एप्रिलपासून मध्यरात्र ते दुपारी बारा अशी खणायची मुभा असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाणी जास्त हटतं, एवढं मात्र आजोबांचं इथेही खरं.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, किनारा कुठला. खरं सांगू? उघडा असेल तो. लोक किनाऱ्यावरून भांडतात, पण माझ्या पंधरा वर्षांत बादली रिकामी राहिली ती किनाऱ्यामुळे एकदाही नाही. लाटांमुळे राहिली. ओहोटीचा आकडा सगळे बघतात, लाटांचा कुणी बघत नाही. उणे एक फुटाची (पाणी नेहमीच्या खोल ओहोटीपेक्षाही फूटभर खाली जाणारी) ओहोटी आहे म्हणून नाचत जायचं आणि समुद्रात बारा फुटांच्या लाटा असतील तर त्या उणे एक फुटाला काही अर्थ नाही. फेसाचं पाणी सारखं वर येत राहतं, वाळू ढवळलेली असते, आणि क्लॅम मान आत घेऊन खाली बसून राहतो. खूण दिसत नाही, खूण नाही तर खणणार कुठे? वारा समुद्रावरून जोरात येत असेल तर पाणी छापलेल्या आकड्याइतकं हटतच नाही. हवामान खात्याचा समुद्राचा अंदाज बघ. लाटा आठ फुटांच्या वर असतील तर मी गाडी काढत नाही. अधिक एक फुटाची साधी ओहोटी आणि शांत समुद्र, हे मला कधीही जास्त आवडतं.

तरी किनारे सांगते. दक्षिणेला लाँग बीच, कोलंबिया नदीच्या मुखापासून वर लेडबेटर पॉइंटपर्यंत, लांबच लांब आणि सपाट. त्याच्या वर विलापा बे ओलांडलं की ट्विन हार्बर्स, त्यात ग्रेलँड आणि वेस्टपोर्ट. ग्रेज हार्बरच्या पलीकडे तू गेलास तो कोपॅलिस. कोपॅलिस नदीच्या उत्तरेला मोक्रॉक्स, पॅसिफिक बीच आणि मोक्लिप्सवाला. कोपॅलिस आणि मोक्रॉक्स हे दोन बऱ्याचदा आलटून पालटून उघडतात, त्यामुळे तारीख नीट वाच. मोक्रॉक्सच्या वर क्विनॉल्ट लोकांची राखीव जमीन लागते, तो किनारा त्यांचा, तिथे आपण जायचं नाही. त्याच्याही वर ऑलिंपिक नॅशनल पार्कमधला कलॅलॉक, तो क्वचितच उघडतो. लहान मूल असेल तर मी ट्विन हार्बर्स सुचवीन. गर्दी विभागलेली असते आणि रात्री राहायला मोटेल मिळतं.

---

सुकतीची_वाट

खणायचं राहिलं, ते वेगळं लिहिते.

तुला मिळालेले पांढुरके प्राणी म्हणजे घोस्ट श्रिंप. त्यांचं भोक बारीक, गोल, कडा स्वच्छ, कधी भोवती वाळूची छोटीशी वारुळासारखी रास. क्लॅमची खूण वेगळी. एक नुसता खळगा असतो, बोटाने वाळू दाबल्यासारखा. दुसरी डोनटसारखी, मध्ये खड्डा आणि भोवती उचललेलं कडं. तिसरी खोल भोकाची, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी. ती बहुधा वरच्या कोरड्या वाळूत दिसते. क्लॅमची मान, म्हणजे पाणी आत-बाहेर घ्यायची नळी, वाळूच्या पृष्ठभागाशी असते. धक्का बसला की तो ती आत ओढतो आणि वर खड्डा पडतो. म्हणून फावड्याचा दांडा वाळूवर दण दण आपटायचा आणि आजूबाजूला बघायचं. दिवा हातात खाली, वाळूला जवळजवळ समांतर धर. कपाळावरचा उजेड वरून पडतो, त्यात खळग्याची सावलीच पडत नाही. अंधारात हा एकच फरक दोन क्लॅम आणि पंधरा क्लॅम यांच्यातला.

खूण दिसली की मिनिटभरही गप्पा मारायच्या नाहीत. याला पाय असतो, जाडजूड आणि जिभेसारखा. तो खाली खुपसायचा, टोक फुगवून वाळूत रोवायचं आणि स्वतःला खाली खेचून घ्यायचं, असं करत हा मिनिटाला जवळजवळ फूटभर उतरतो. पण उतरतो फक्त खाली, बाजूला कधी पळत नाही. हे लक्षात ठेवलंस तर निम्मी भीती जाते.

फावडं असेल तर पातं अरुंदच हवं, बागेचं नको. खुणेपासून चार-सहा इंच समुद्राच्या बाजूला ते सरळ खाली घाल, दांडा डोंगरांकडे, म्हणजे वाळूच्या टेकड्यांकडे. वाळू उचलून बाजूला, की हात खाली. पहिल्यांदा बोटाला टोक लागतं ते मऊ, रबरासारखं. घट्ट धर पण खेचू नकोस, खेचलंस तर मान तुटून हातात येते आणि बाकीचा खाली. धरून ठेव आणि दुसऱ्या हाताने बाजूची वाळू काढ. शिंपल्याची कड पातळ आणि धारदार असते, नावाप्रमाणेच. हातमोजे घाल, माझ्या करंगळीवर अजून पांढरी रेघ आहे.

नवख्याला क्लॅम गन बरी. नळी खुणेवर ठेवून डोलवत डोलवत खाली घालायची, हँडलवरचं हवेचं भोक अंगठ्याने बंद करायचं आणि वर खेचायची. आत वाळूचा खांब येतो. भोक सोडलं की खांब खाली पडतो, तो फोडून बघायचा. नाही मिळाला तर त्याच खड्ड्यात पुन्हा. पाठ मात्र दुसऱ्या दिवशी आठवण करून देते. गुडघ्यातून उचल, कमरेतून नाही. मी आता फावडंच वापरते. गनमध्ये शिंपला फुटण्याचं प्रमाण, निदान माझ्या हातात, जास्त आहे.

आणि फुटला तरी तो मोजायचा, हे कळलंय ना? पहिले १५ जे निघतील ते तुझे, लहान असो, मोठा असो, फुटका असो. लहान परत पुरून मोठा शोधायचा नाही, असा पुरलेला जगत नाही. तुझा तो अर्धा कापलेलाही त्या दिवसाचा पहिला होता. प्रत्येकाची पिशवी किंवा बादली वेगळी. पहिल्या वर्षी आम्ही नवरा-बायकोने एकाच बादलीत टाकले, अधिकारी आला, सगळे वाळूवर काढून मोजायला लावले आणि चांगलं सुनावलं. दंड नाही केला, पण मान खाली घालून उभं राहावं लागलं. मुलाला लायसन्स लागत नाही, ते १५ वर्षांपासून पुढे. पण त्याचे १५ त्यानेच खणायचे, तू त्याच्या नावावर खणायचे नाहीत.

आईंना जरूर आण. पाहुण्यांसाठी तीन दिवसांचं रेझर क्लॅमचं लायसन्स मिळतं. त्याही स्वतः खणणार, हे त्यांना आधी सांगून ठेव. रेवदंड्याच्या आहेत म्हणजे तुला खणू देतील की नाही हीच शंका.

---

शेवाळी

वर सगळं आलंय, एक गोष्ट राहिली. किनारा उघडायच्या आधी क्लॅमचे नमुने तपासतात ते कशासाठी, हे लोकांना माहीत नसतं, म्हणून "बंद आहे पण कोण बघतंय" म्हणणारे निघतात.

स्यूडो-नित्शिया नावाचं एक सूक्ष्म शैवाल आहे. ते कधीकधी डोमोइक अ‍ॅसिड तयार करतं, क्लॅम पाणी गाळून खातो आणि ते त्याच्यात साठतं. १९८७मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडचे मसल नावाचे शिंपले खाऊन माणसं दगावली, काहींची स्मरणशक्ती कायमची गेली, तेव्हा या विषाची ओळख पटली. १९९१मध्ये ते वॉशिंग्टनच्या रेझर क्लॅममध्ये सापडलं. २०१५मध्ये या किनाऱ्यावर शैवालाचा प्रचंड फुलोरा आला आणि हंगाम बंद ठेवावा लागला. मर्यादा २० पीपीएम (दहा लाख भागांत वीस भाग), त्याच्या वर गेलं की बंद.

हे उकळून, तळून, गोठवून जात नाही. चवीला, वासाला, रंगाला काही कळत नाही. पोटातली घाण काढली म्हणजे झालं, असंही नाही. रेझर क्लॅममध्ये ते आपण खातो त्या मांसातच राहतं आणि महिनोन् महिने राहतं, शिंपल्याच्या इतर जातींत लवकर उतरतं तसं नाही. मर्यादेच्या आतले असले तरी वर्षभर दर महिन्याला पंधराच्या वर खाणाऱ्यांच्या स्मरणशक्तीत थोडा फरक दिसलाय. फ्रीझर भरून ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

घोषणेतली तारीख "तात्पुरती" असते आणि शेवटच्या तपासणीनंतर पक्की होते. निघायच्या आदल्या दिवशी परत बघा.

---

रवा_फ्राय

गाडीबद्दल कुणी बोललं नाही. इथल्या किनाऱ्यांवर गाडी नेता येते, वेग ताशी २५ मैल. पण चालवायची ती वरच्या घट्ट वाळूवरून. खाली ओल्या वाळूत गेलात तर क्लॅमच्या डोक्यावरून चाललात. आणि अगदी वरच्या भुसभुशीत वाळूत थांबलात तर माझं झालं ते होईल: चाकं फिरतायत, गाडी बसतेय, भरती येतेय, बायको काही बोलत नाहीये. एका भल्या माणसाने पट्टा लावून ओढून काढलं. तेव्हापासून मी डांबरी रस्त्यालगत लावतो आणि चालतो.

साफ करणं: चाळणीत क्लॅम, वरून उकळतं पाणी, शिंपला उघडला की लगेच गार पाणी. उशीर केला तर तिथेच शिजतो. मानेचं काळं टोक छाटायचं, कात्रीने मान आणि पाय उभे चिरून उघडायचे, कल्ले आणि काळं पोट काढून टाकायचं. वाळू असते, दोनदा धुवा. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ, रव्यात घोळवून कडक तापलेल्या तव्यावर. एका बाजूला मिनिटभर. दोन्ही बाजू मिळून दोन मिनिटांच्या वर गेलात तर बुटाचा तळवा चावाल. आमच्याकडे पहिल्या खेपेला तिसऱ्यांसारखं सुकं केलं होतं, वीस मिनिटं शिजवून. त्याबद्दल घरात अजून बोलतात.

---

कोरडी_बादली

हो, अ‍ॅपमध्ये सिएटलच होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "पिझ्झा चांगला होता."

ताई, आठ फुटांचं लिहून फ्रीजवर लावलंय. डिसेंबरमध्ये एक शनिवार लाटांमुळे सोडला, जानेवारीत एक वादळामुळे. आता आईसोबतच.

---

कोरडी_बादली (एप्रिल)

जाऊन आलो! ट्विन हार्बर्स, ग्रेलँडला. ओहोटी सकाळी ७:३८, उणे ०.९, लाटा पाच फूट. आदल्या रात्री मोटेलमध्ये राहिलो आणि सहाला वाळूवर. उजेड झालेला, धुकं, पाणी इतकं मागे की मुलगा म्हणाला समुद्र कुठे गेला.

आई सलवार-कुडता, वरून माझं जाड जॅकेट आणि बायकोचे रबरी बूट. लायसन्सचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात. मी तिला खळगा, डोनट, किल्लीचं भोक असं सगळं समजावत होतो. तिने ऐकून घेतलं आणि उलट्या पावलांनी समुद्राकडे चालायला लागली. मी ओरडलो, समुद्राकडे पाठ करायची नाही! मग आडवी चालायला लागली, टाच आपटत. दोन पावलं, थांबायचं, खाली बघायचं. "पायाला कळतात तिसऱ्या," म्हणाली. मला वाटलं, इथे बूट घालून काय कळणार. चौथ्या पावलाला तिच्या टाचेजवळ वाळू खसकन आत गेली आणि भोवती कडं उठलं. अगदी ताईंनी लिहिलं होतं तसं.

गनला तिने हातही लावला नाही. मी फावडं घालायचं तर म्हणे नको, नियम वाचलास ना तूच, माझं मी खणणार. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी कुत्र्यासारखी वाळू उपसली, खांद्यापर्यंत हात घातला आणि गप्प झाली. असा अर्धा मिनिट गेला. मग हळूच म्हणाली, "ओढतोय मला." डोळे मोठे झालेले. शेवटी निघाला तो तिच्या हाताच्या पंजाएवढा, तपकिरी, चकचकीत, वार्निश केल्यासारखा, आणि पाय बाहेर काढून हवेतच खणतोय! तिसरी कधी अशी भांडत नाही म्हणाली.

आठ वाजेपर्यंत तिचे १५ झाले. माझे ९, बायकोचे १२, मुलाचे ४ (सगळे त्याने खणलेले, दोन फुटलेले, सगळे मोजलेले). अधिकारी आला, तिची जाळी उचलून बघितली, मोजले, अंगठा वर केला. ती मला म्हणते, त्याला विचार, तो बघ तिथे सोळावा दिसतोय, तेवढा उद्या येऊन काढला तर चालेल का.

रवा फ्राय दोन मिनिटांत केले. एक घाण्याला तीन मिनिटं झाली, रवा_फ्राय यांचं बरोबर आहे.

आता ती मोटेलच्या पलंगावर बसून विचारतेय, उद्या किती वाजता निघायचं.

---

सुकतीची_वाट

रोज साधारण पाऊण तास पुढे. एवढं पाऊणपट इथेही चालतं, त्यांना सांग, त्या ओळखतील. म्हणजे उद्या आठ-वीसच्या सुमाराला. सहाला उठवू नकोस, आणि निघण्याआधी लाटा बघ.